गाण्याचा मालक आणि पुराव्याचे ओझे

संगीत कंपन्यांचा एखादा दावा न्यायालयात अडला, की आपल्याकडे ठरलेल्या दोन प्रतिक्रिया उमटतात. काहींना वाटते, न्यायालये चोरांना पाठीशी घालतात आणि कलावंत उपाशी मरतो. काहींना वाटते, बरे झाले. गाणे वाऱ्यावर असते, वाऱ्याला मालक कसला? मला ही दोन्ही मते वरवरची वाटतात, कारण निकालपत्रे उघडून पाहण्याची तसदी दोन्हीकडे कोणी घेतलेली नसते. मी जे निकाल वाचले, त्यांतल्या एकाही न्यायाधीशाने गाणे फुकट असावे असे म्हटलेले नाही, आणि प्रत वाटणारा निर्दोष असतो असेही म्हटलेले नाही.

माझे म्हणणे असे आहे. गेल्या वीसेक वर्षांत, अमेरिकेत आणि भारतात, संगीत उद्योगाचे दावे जिथे अडले तिथे बहुतेक वेळा तीन प्रश्नांवर अडले. तुमचा हक्क नेमका कोणता? तो तुमच्याकडे कसा आला? आणि समोरच्याने नेमके काय केले? या प्रश्नांचे ओझे दावेदाराच्या खांद्यावर राहणे कलावंताच्याच हिताचे आहे. सिद्ध न करता वसूल होणारा हक्क वसुली करणाऱ्याला बळ देतो. गीतकाराच्या घरी तो पोचेलच, याची कसलीही हमी देत नाही.

हे मी झाशीत बसून लिहितो आहे, आणि त्याला कारण आहे. मुंबईत संगीत कंपन्या आहेत, दिल्लीत उच्च न्यायालय आहे. झाशीत गाणे ऐकले जाते आणि नोटीस येऊन पडते. कायद्याचे खरे वजन किती, हे नोटीस पाठवणाऱ्यापेक्षा ती उघडणाऱ्याला अधिक कळते.

१. आपल्याकडची फाइल-वाटणी कशी होती

फाइल-शेअरिंग म्हटले की डोळ्यांसमोर अमेरिकेतला कॉलेजचा विद्यार्थी आणि त्याचा संगणक येतो. आपल्या गावांत आणि छोट्या शहरांत हे काम मोबाइलच्या दुकानांत चालत असे. झाशीच्या सिपरी बाजारात दहा-बारा वर्षांपूर्वी अशा दुकानांवर हाताने रंगवलेले फलक असत: गाने भरवाएँ. गिऱ्हाईक फोनचे मागचे झाकण काढून नखाएवढे मेमरी कार्ड दुकानदाराच्या हातावर ठेवी. तो ते कार्ड-रीडरमध्ये घाली. पडद्यावर फोल्डरांची रांग उभी राही: नवे हिंदी, जुने हिंदी, भजन, बुंदेली, डीजे. वीस-तीस रुपयांत कार्ड गच्च भरून मिळे. फाइलीच्या नावात गाण्याचे पहिले दोन शब्द असत आणि बहुधा एखाद्या वेबसाइटचे नाव. गीतकार, संगीतकार, ध्वनिमुद्रणाचे वर्ष यांतले काहीही नसे.

या चित्रात बेकायदा काय आहे, ते स्वच्छ सांगतो. दुकानदार परवान्याशिवाय प्रती करून विकत होता. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हे उल्लंघन आहे आणि नफ्यासाठी केलेले आहे. उद्योगाच्या संघटनेने पुढे अशा दुकानांसाठी परवान्याची योजनाही काढली. छापे टाकण्याबरोबर दुकानदाराला कायदेशीर होण्याची वाट दाखवणे, हे मी उद्योगाच्या शहाणपणाचे लक्षण मानतो.

याच दुकानाला दुसरी बाजूही होती. बुंदेली लोकगीतांचा श्रोता प्रतींच्या याच साखळीने जोडला गेला, आणि ही साखळी मोबाइलच्याही आधीची. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटने एका मोठ्या कंपनीची जवळजवळ मक्तेदारी मोडली, आणि ब्रज, भोजपुरी, बुंदेली अशा बोलींतल्या गाण्यांना पहिल्यांदा बाजार मिळाला. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारतातल्या या उलथापालथीची नोंद केली आहे. देशराज पटेरियांसारख्या लोकगायकाचा आवाज बुंदेलखंडात गावोगाव घुमला, तो प्रतींच्या या प्रवाहातून. म्हणजे प्रत हे नुकसानीचे साधन होते आणि प्रसाराचेही. न्यायालयाला या दोन्हींत फरक करावा लागतो, आणि पुराव्याशिवाय तो करता येत नाही.

२. अमेरिकेने केलेला प्रयोग

फरक न करता सरसकट दावे लावले तर काय होते, याचा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. ८ सप्टेंबर २००३ रोजी तिथल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी एकाच दिवशी २६१ व्यक्तींवर दावे लावले. पाच वर्षांत दावे आणि नोटिसा मिळून सुमारे ३५,००० लोक या मोहिमेत ओढले गेले. त्यांतल्या बहुतेकांनी काही हजार डॉलर देऊन तडजोड केली. लढण्याचा खर्च तडजोडीच्या रकमेच्या कितीतरी पट होता.

न्यायालयांचा प्रतिकार इथे टप्प्याटप्प्याने आला. डिसेंबर २००३ मध्ये व्हेरायझन प्रकरणात अपील न्यायालयाने सांगितले, की न्यायाधीशासमोर न जाता नुसत्या कारकुनी आदेशावर इंटरनेट कंपनीकडून ग्राहकाचे नाव काढून घेता येणार नाही. ओक्लाहोमातल्या एका प्रकरणात इंटरनेटची जोडणी एका महिलेच्या नावावर होती, एवढ्यावरून तिला जबाबदार धरले गेले होते. दावा टिकला नाही आणि कंपन्यांनाच तिच्या वकिलाचे ६८,००० डॉलरहून अधिक शुल्क भरावे लागले. खाते कोणाचे आणि कृत्य कोणाचे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढी साधी गोष्ट त्या निकालाने ठसवली.

सर्वांत बोलके प्रकरण मिनेसोटातल्या एका महिलेचे. आरोप २४ गाणी वाटल्याचा. २००७ मध्ये ज्युरीने २,२२,००० डॉलरची भरपाई ठरवली. गाणी नुसती ‘उपलब्ध ठेवणे’ म्हणजेच वाटणे, असे आपण ज्युरीला चुकीचे सांगितले, हे न्यायाधीशांनी स्वतःच मान्य केले आणि फेरसुनावणी लावली. दुसऱ्या ज्युरीने रक्कम १९,२०,००० डॉलरवर नेली. न्यायाधीशांनी ती ५४,००० वर आणली. तिसऱ्या ज्युरीने १५ लाख डॉलर ठरवले. शेवटी २०१२ मध्ये अपील न्यायालयाने पहिली २,२२,००० ची रक्कम कायम केली.

या आकड्यांची लाट नीट पाहावी. गाणी तीच, व्यक्ती तीच, कायदा तोच. तरी नुकसानीचा आकडा पस्तीस पटींपर्यंतच्या फरकाने वरखाली होतो. प्रत्यक्ष नुकसान किती झाले याचा पुरावा मागितलाच नाही, तर आकडा हवेतून येतो. कंपन्या हा खटला जिंकल्या, पण २००८ च्या अखेरीस त्यांनी सामान्य लोकांवर असे नवे दावे लावण्याचे धोरणच सोडून दिले. ज्यांना गाणी विकायची, त्यांनाच आरोपी करून धंदा वाढत नाही, हे त्यांना महागात पडून कळले.

३. ‘अशोककुमार’ आणि बंद पडलेल्या साइट

भारतात कंपन्यांनी सामान्य श्रोत्यावर फारसे दावे लावले नाहीत. इथली वाट निराळी होती. अज्ञात प्रतिवादीला ‘अशोककुमार’ असे नाव देऊन एकतर्फी मनाई हुकूम मिळवायचा आणि इंटरनेट कंपन्यांकडून साइट बंद करून घ्यायच्या. २०१२ मध्ये संगीत उद्योगाच्या संघटनेने कलकत्ता उच्च न्यायालयातून १०४ संगीत साइट बंद करण्याचे आदेश मिळवले. त्यांतल्या अनेक साइट उघडउघड चोरीच्या होत्या, आणि त्याबद्दल मला हळहळ नाही.

पण त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने ‘३’ या तमिळ चित्रपटासाठी दिलेल्या आदेशाचे काय झाले ते पाहा. इंटरनेट कंपन्यांनी सावधगिरी म्हणून व्हिमिओ, पेस्टबिन अशा संपूर्ण साइट बंद केल्या. तिथे हजारो लोकांचे स्वतःचे, कायदेशीर काम ठेवलेले होते. जूनमध्ये न्यायालयाला खुलासा करावा लागला, की चोरीची प्रत जिथे आहे तो नेमका पत्ता बंद करा, सगळी साइट बंद करू नका. याच चित्रपटातले ‘कोलावेरी’ हे गाणे आदल्या नोव्हेंबरात लोकांनी एकमेकांना पाठवून पाठवून देशभर पोचवले होते. ज्या वाटणीने गाणे मोठे झाले, तिच्याच वाटा चित्रपट येताच अंदाधुंद बुजवल्या गेल्या.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या अंदाधुंदीला शिस्त लावली. ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी निर्मात्याची यादी जशीच्या तशी स्वीकारली नाही. प्रत्येक दुवा तपासला आहे का, त्याची जबाबदारी शपथेवर कोण घेतो, हे विचारले आणि आदेश नेमक्या पत्त्यांपुरता ठेवला. त्याच सुमारास बंद केलेल्या साइटवर एक धमकीवजा सूचना झळकू लागली होती, की इथला मजकूर नुसता पाहणे हाही गुन्हा आहे. न्यायालयाने ती दुरुस्त करायला लावली. पाहणाऱ्याला कायदा गुन्हेगार ठरवत नाही. बेकायदा वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणे यांना तो गुन्हा मानतो. लोकांना भीती घालण्यासाठी कायद्यात नसलेला गुन्हा कायद्याच्या नावावर खपवता येत नाही, हा त्या दुरुस्तीचा अर्थ.

डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सुपर कॅसेट्स या संगीत कंपनीने मायस्पेस या साइटविरुद्ध लावलेल्या प्रकरणात हीच रेषा पुढे नेली. आमची सगळी गाणी अमुक आहेत, आता तुम्हीच शोधत बसा, असे कंपनीने म्हणून चालणार नाही. कोणते गाणे, कुठल्या पत्त्यावर, हे दाखवावे लागेल. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातही तशीच घडी आहे. लेखी तक्रार आली की मजकूर ठेवणारा मध्यस्थ तो काढतो, आणि २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर त्याला तो पुन्हा लावता येतो. तक्रार करणाऱ्यालाच इथे न्यायाधीश होऊ दिलेले नाही.

४. तुरुंगाची भीती आणि प्रमाणाचे भान

कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सांगितले. म्हणजे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि जामीन हा आरोपीचा हक्क राहत नाही. परदेशात सर्व्हर ठेवून चित्रपट चोरणारी टोळी आणि वीस रुपयांत कार्ड भरणारा दुकानदार या निकालामुळे एकाच रांगेत उभे राहतात.

नफ्यासाठी न केलेल्या उल्लंघनाला कमी शिक्षा देण्याची मुभा त्याच कलमात आहे. पण ती शिक्षेच्या वेळी, खटल्याच्या शेवटी. अटकेची भीती पहिल्याच दिवशी असते. अजामीनपात्र कलमाचा नुसता उल्लेख करून पाठवलेली नोटीस तडजोडीचा भाव वाढवते. म्हणून दिवाणी दाव्यात न्यायालयांनी घातलेली शिस्त फौजदारी बाजूलाही यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. व्यापारी प्रमाणावरची चोरी आणि किरकोळ उल्लंघन यांच्यात संसदेने स्पष्ट रेषा ओढावी.

५. दूरच्या न्यायालयाचे हत्यार

कायद्याच्या कलम ६२ मध्ये वादीला सवलत आहे. तो जिथे राहतो किंवा धंदा करतो, तिथे दावा लावू शकतो. हेतू चांगला होता; गरीब लेखकाला दूरच्या गावी धाव घ्यावी लागू नये. प्रत्यक्षात ही सवलत शाखा-कार्यालये असलेल्या मोठ्या संस्थांच्या हाती लागली.

महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांच्या एका मालकावर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या मुंबईतल्या संस्थेने दिल्लीत दावा लावला होता. प्रतिवादी महाराष्ट्रात, चित्रपटगृहे महाराष्ट्रात, संस्थेचे मुख्य कार्यालय मुंबईत. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुख्य कार्यालय जिथे आहे आणि वादाचे कारणही जिथे घडले, तिथेच जा. नुसत्या शाखेच्या आधारावर प्रतिवादीला लांब ओढू नका. सवलत ढाल म्हणून दिली होती, तिचा भाला होऊ नये, एवढीच या निकालाची भूमिका आहे.

झाशीच्या माणसाला यातून पुरता दिलासा मिळत नाही. इथे कार्यालयच नसलेली कंपनी त्याला अजूनही मुंबईत किंवा दिल्लीत उभे करू शकते. दिल्ली रेल्वेने सुमारे ४०० किलोमीटर, मुंबई हजाराहून अधिक. तारखेगणिक प्रवास, वकील, बुडालेला धंदा. असा माणूस पैसे भरून मोकळा होतो, आणि त्याने पैसे भरले हाच पुढच्या नोटिशीसाठी पुरावा ठरतो. हक्क खरा होता की नव्हता, हे कुठेच तपासले जात नाही.

६. वसुली करणारा नेमका कोण?

इथे मुद्द्याच्या गाभ्याला हात घालतो. कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे परवाने देण्याचा ‘धंदा’ नोंदणीकृत कॉपीराइट संस्थेनेच करायचा. कलम ३० प्रमाणे मालक स्वतःच्या कृतीचा परवाना देऊ शकतो. मग एखाद्या कंपनीने अनेक ध्वनिमुद्रणांचे हक्क स्वतःच्या नावावर लिहून घेतले, तर ती मालक समजायची की परवान्यांचा धंदा करणारी? फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड आणि नोव्हेक्स या अशा कंपन्यांभोवतीचा सगळा वाद या एका प्रश्नाचा आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नोव्हेक्सविरुद्ध कौल दिला: नोंदणी हवीच. २४ जानेवारी २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उलट सांगितले: मालकाला नोंदणीशिवाय परवाना देता येतो. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या खंडपीठाने पुन्हा नोंदणीच्या बाजूने मत दिले आणि नोंदणीकृत संस्थेच्या दराने रक्कम ठरवण्याचा मार्ग सुचवला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्या निर्देशाला स्थगिती दिली.

मला मद्रास आणि दिल्लीची दिशा योग्य वाटते. कारण भावनेचे नाही, रचनेचे आहे. नोंदणीकृत संस्थेला आपले दर जाहीर करावे लागतात, दराविरुद्ध दाद मागता येते, हिशेबावर सरकारची नजर असते. गीतकार-संगीतकारांच्या संस्थेत तर नियामक मंडळावर निर्माते आणि रचनाकार समान संख्येने असावे लागतात. हक्क स्वतःच्या नावावर लिहून घेणाऱ्या कंपनीवर यांतले कुठलेच बंधन येत नाही. अधिकार संस्थेचे आणि मोकळीक खासगी मालकाची, असे दोन्हीकडचे फायदे एकाच हाती गेले, तर नोंदणीचे सगळे प्रकरण कायद्यात कशासाठी ठेवले?

७. लग्नाचा मांडव आणि गोव्याचा निकाल

न्यायालये नेहमी ऐकणाऱ्याच्या बाजूने असतात, हा समज गोव्यातल्या निकालाने खोडून काढला. कलम ५२(१)(झेडए) प्रमाणे खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणे वाजवणे हे उल्लंघन नाही, आणि विधीत लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक समारंभही येतात. केंद्राच्या उद्योग विभागाने जुलै २०२३ मध्ये या तरतुदीची आठवण देणारी सूचना काढली. गोवा सरकारने ३० जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने एक पाऊल पुढे टाकले आणि लग्नात रॉयल्टीसाठी अडवणूक करणाऱ्यांवर पोलिसी कारवाईचे सूतोवाच केले. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने हे परिपत्रक रद्द केले. कायद्याच्या शब्दांत भर घालण्याचा अधिकार परिपत्रकाला नाही, आणि एखादा समारंभ सवलतीत बसतो की नाही हे पुराव्यावर ठरते, असा त्याचा आशय.

मी या निकालाचेही स्वागत करतो. पुरावा कंपनीकडे मागायचा आणि सरकारला मात्र एका कागदाने वाद मिटवू द्यायचा, ही न्यायाची तऱ्हा नव्हे. शिस्त दोघांनाही सारखीच लागली.

झाशीच्या इतिहासातही या मुद्द्याचा एक धागा सापडतो. तलवारीच्या आधी इथे अर्जांची लढाई झाली होती. नोव्हेंबर १८५३ मध्ये झाशीचे राजे गंगाधरराव गेले. दत्तकाचा विधी आदल्या दिवशी झालेला होता. १८५४ मध्ये राणी लक्ष्मीबाईंनी आपली बाजू मांडण्यासाठी जॉन लँग या वकिलाला बोलावून घेतले. दत्तक मान्य करावा म्हणून अर्ज गेले आणि फेटाळले गेले, कारण राज्यावर दावा सांगणारी ईस्ट इंडिया कंपनी आणि दाव्याचा निवाडा करणारे सरकार एकच होते. तुलना आकाराची करत नाही. एका विवाहघराला आलेली नोटीस आणि एका राज्याचे विलीनीकरण यांचे माप वेगळे आहे. पण दावेदारालाच निवाडा करू दिला की समोरच्याच्या कागदांना किंमत उरत नाही, हे या गावाला कोणी शिकवायला नको.

८. कलावंताच्या नावाने

प्रत्येक नोटिशीत कलावंताचे नाव पुढे असते. मग कलावंताच्या वाट्याला आजवर काय आले ते पाहू. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट संगीताच्या वादात निर्मात्याच्या बाजूने निकाल दिला. वेगळा करार नसेल तर संगीतकाराचा हक्क निर्मात्याकडे जातो, असा त्याचा अर्थ झाला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालाला जोडलेल्या टिपणात खंत व्यक्त केली, की गाण्यात प्राण ओतणाऱ्या गायकाला कायद्यात स्थानच नाही. गायकाला ‘परफॉर्मर’ म्हणून हक्क मिळायला १९९४ ची दुरुस्ती यावी लागली. गीतकार आणि संगीतकारांची रॉयल्टी करार करूनही कोणाला हिरावून घेता येणार नाही, हे संसदेत ठरले २०१२ मध्ये. त्यासाठी जावेद अख्तर यांच्यासारख्यांना राज्यसभेत आणि बाहेर उद्योगाशीच झगडावे लागले.

म्हणजे कलावंताचा हिस्सा अनेक दशके ज्या करारांत विरला, ते करार बेकायदा प्रत विकणाऱ्याने लिहिलेले नव्हते. ‘हक्क तुमच्याकडे कसा आला’ असे न्यायालय विचारते तेव्हा कंपनीला तेच करारपत्र टेबलावर ठेवावे लागते, ज्यात कलावंताला काय मिळाले ते लिहिलेले असते. कलावंताला पुराव्याची भीती वाटण्याचे कारण नाही. उलट त्याच्या हिशेबाची वही प्रथमच उघडते.

९. तीन आक्षेप

*पहिला:* चोरीची प्रत तासाभरात जगभर पसरते. न्यायालय पुरावे मागत बसले तर चित्रपटाचा पहिला आठवडा निघून जाईल. आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर वेगवान तपासणीत आहे. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने यूटीव्ही प्रकरणात ‘डायनॅमिक’ मनाई हुकूम दिला. मूळ साइटने नाव बदलून नवा पत्ता घेतला, तर पुन्हा दावा न लावता सहनिबंधकासमोर शपथपत्र देऊन तो पत्ताही बंद करता येतो. वेग आणि पडताळणी एकत्र नांदू शकतात, याचा हा नमुना.

*दुसरा:* एवढा पुरावा मोठ्या कंपन्या देतील. बुंदेली लोकगायक कुठून देणार? हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. लोकगायकाकडे करार नसतो, नोंद नसते, कधी स्वतःच्या ध्वनिमुद्रणाची प्रतही नसते. पण आजच्या पुरावाहीन नोटिशींच्या व्यवस्थेत तरी त्याला काय मिळते? नोटीस पाठवण्याची ताकदही त्याच्यात नाही. त्याला हवी आहे फुकट आणि सोपी नोंद, जिल्ह्याच्या ठिकाणी. पुराव्याचा दर्जा खाली आणल्याने ही उणीव भरून निघत नाही, कारण खाली आणलेल्या दर्जाचा पहिला फायदा ज्याच्याकडे वकील आहेत त्यालाच होतो.

*तिसरा:* न्यायालयांनी हात आखडता घेतला तर लोकांच्या मनातला कायद्याचा धाक जाईल. धाकाचे काय झाले ते सिपरी बाजारात दिसते. ‘गाने भरवाएँ’चे फलक मी छाप्यांमुळे उतरताना पाहिले नाहीत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, कायदेशीर ॲपवर तेच गाणे जाहिरातीसह फुकट ऐकता येऊ लागले, आणि बघता बघता ते फलक दिसेनासे झाले. त्याच दुकानांत आज रिचार्ज आणि फोनची कव्हरे मिळतात. लोकांना परवडेल असा सरळ मार्ग मिळाला, तेव्हा ते त्या मार्गाने गेले.

१०. नोटिशीत काय असावे

मागच्या लग्नसराईत इथल्या एका विवाहघराच्या मालकाने आपल्याला आलेली नोटीस मला दाखवली. कोणत्या कंपनीची, ते महत्त्वाचे नाही. तीन पाने. पहिल्या पानावर कलम ५१ आणि ६३. दुसऱ्या पानावर रक्कम आणि सात दिवसांची मुदत. तिसऱ्या पानावर खात्याचा क्रमांक. कोणते गाणे, कोणत्या तारखेला, कोणत्या करारान्वये हक्क, दर कुठे जाहीर केला आहे, लग्नाची सवलत का लागू नाही, यांतला एकही तपशील त्या तीन पानांत नव्हता. निराधार धमकीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क कलम ६० ने त्याला दिला आहे, पण कंपनीने प्रत्यक्ष दावा लावून तो नेटाने चालवला की तो हक्क संपतो. आणि तसा हक्क आपल्याला आहे, हे त्याला ठाऊकही नव्हते.

म्हणून माझी मागणी मोजकी आहे. कॉपीराइटच्या प्रत्येक मागणीपत्रात पाच गोष्टी सक्तीच्या कराव्यात: गाण्यांची यादी, हक्क कसा आला त्या कराराची तारीख आणि पक्ष, जाहीर दर, सवलत का लागू नाही याचे कारण, आणि वसूल होणाऱ्या रकमेतला गीतकार, संगीतकार व गायक यांचा हिस्सा. या पाचांतली कोणतीही एक गोष्ट नसेल, तर ते पत्र कलम ६० खाली निराधार धमकी समजावे. कंपनीचा हक्क खरा असेल तर हे लिहायला तिला अर्धे पान पुरेल.

ते अर्धे पान त्या विवाहघराच्या मालकाला मिळाले असते, तर त्याने पैसे भरले असते किंवा कारण देऊन नाकारले असते. त्याने काय केले? मुलीच्या लग्नासाठी हॉल घेतलेल्या माणसाकडून ती रक्कम ‘संगीत शुल्क’ म्हणून कापून घेतली आणि कंपनीला पाठवली. पावती आली. त्या पावतीवर एकाही गाण्याचे नाव नव्हते, आणि कुठल्याही गायकाचे नव्हते.